उसाच्या काट्यावरून सर्व्हरपर्यंत: स्विंग क्लायंट असिंक्रोनस करताना

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचं सॉफ्टवेअर आम्ही थेट कॉलवरून (सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत थांबणं) संदेशांवर (निरोप ठेवून पुढं जाणं, म्हणजेच असिंक्रोनस) नेलं. काट्याच्या केबिनमध्ये स्विंगमध्ये (जावाची पडदे बनवायची लायब्ररी) लिहिलेला डेस्कटॉप क्लायंट, मुख्य इमारतीत वाइल्डफ्लाय हा जावा सर्व्हर आणि त्यामागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. हाच क्लायंट गट ऑफिसांतही (गावांच्या गटासाठीची कारखान्याची ऑफिसं) चालतो, पण तिथं नेटवर्क मोबाइलचं. वाइल्डफ्लायच्या १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, त्याच्या आत आर्टेमिस हा संदेश-ब्रोकर (संदेश घेऊन, राखून पुढं पोहोचवणारा मध्यस्थ) येतो, त्यामुळं वेगळा ब्रोकर बसवावा लागला नाही.

आधी हिशेब. रोजचं गाळप ५,००० टन आणि एका खेपेत सरासरी १८ टन ऊस धरला, तर दिवसाला २७५ ते २८० खेपा होतात. प्रत्येक खेपेची दोन वजनं, गव्हाणीकडं (ऊस टाकायच्या जागेकडं) जाताना भरगाडीचं आणि परतताना रिकाम्या गाडीचं. म्हणजे साडेपाचशेच्या वर वजनं. सर्व्हरच्या दृष्टीनं हा आकडा किरकोळ आहे. अडचण संख्येची नव्हतीच. काट्यावर एका वेळी एकच गाडी उभी राहते आणि ती पावती घेतल्याशिवाय हलत नाही, ही खरी अडचण.

जुन्या क्लायंटमध्ये ‘वजन घ्या’ बटण दाबलं की त्याच ओळीत सर्व्हरवरच्या ईजेबीला (तिथं चालणारा जावाचा घटक) कॉल जायचा. स्विंगचा सगळा पडदा एकाच थ्रेडवर (प्रोग्रॅममधला कामाचा एक धागा) चालतो, त्याचं नाव इव्हेंट डिस्पॅच थ्रेड. बटणाचा कोड त्याच थ्रेडवर, पडदा रंगवण्याचं कामही त्याच थ्रेडवर. लाइन चांगली असेल तर उत्तर क्षणात यायचं. पण मधला स्विच बंद पडला, तर टीसीपीला समोरचा गेला हे लगेच कळत नाही. तो पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, तोवर पडदा गोठलेला. काटेवाला सांगायचा, “साहेब, गाडी काट्यावर हाय आन् स्क्रीन पांढरी झालीया.” मागं ट्रॅक्टरची रांग हमरस्त्याला लागायची.

यावर पहिलं सुचतं ते म्हणजे कॉल स्विंगवर्करमध्ये, म्हणजे पडद्याच्या थ्रेडबाहेर काम करणाऱ्या स्विंगच्या वर्गात, टाकणं. जावा ६ पासून तो भाषेसोबतच येतो. त्यानं पडदा मोकळा होतो, गाडी मात्र मोकळी होत नाही, कारण पावती क्रमांक सर्व्हर देत होता. म्हणून आम्ही आधी एक प्रश्न कागदावर लिहिला: गाडी काट्यावर उभी असताना सर्व्हरकडून नेमकं काय हवं? उत्तर निघालं, काहीच नको. वजन काट्याच्या इंडिकेटरकडून (आकडा दाखवणारं यंत्र) येतं. शेतकरी, वाहन आणि ऊसतोड टोळी यांच्या याद्या क्लायंटजवळ ठेवता येतात. राहिला पावती क्रमांक. तो प्रत्येक काट्याला स्वतःची मालिका देऊन सोडवला: आधी हंगाम, मग काटा क्रमांक, मग चढता क्रमांक. हा निर्णय झाला नसता तर पुढचं सगळं काम वाया गेलं असतं.

क्लायंटमध्ये आता चार प्रकारचे थ्रेड आहेत. इंडिकेटरचा थ्रेड आरएस-२३२ या सिरियल केबलवरून ९६०० बॉडच्या वेगानं येणारं वजन वाचतो आणि आकडा ३ सेकंद न हलता राहिला की तो ‘स्थिर’ मानतो. पडद्याचा थ्रेड. संदेश पाठवणारा एकच थ्रेड. आणि उत्तरं ऐकणारा जेएमएसचा (जावातून संदेश पाठवण्या-घेण्याची प्रमाण पद्धत) थ्रेड. जेएमएसमध्ये कनेक्शन अनेक थ्रेडनी वापरलं तर चालतं, सेशन (कनेक्शनवरचं एक स्वतंत्र सत्र) मात्र एका वेळी एकाच थ्रेडचं. पाठवणारा आणि ऐकणारा यांनी एकच सेशन वाटून घेतलं तर चूक रोज दिसत नाही. गर्दीच्या वेळी कधीतरी दिसते आणि मग सापडत नाही. म्हणून कनेक्शन एक, सेशन दोन.

स्विंगवर्करचा कायमचा ऐकणारा म्हणून वापर करू नका. त्याच्या थ्रेडच्या तळ्यात (पूल) जास्तीत जास्त १० थ्रेड असतात. न संपणारी कामं तिथं टाकत गेलं की अकरावं काम रांगेतच बसतं, चूक दाखवत नाही, लॉगमध्येही काही नाही. तो यादी उघडण्यासारख्या, सुरू होऊन संपणाऱ्या कामासाठी आहे.

बटण दाबल्यावर आता वजन आधी क्लायंटच्याच डेटाबेसमध्ये ‘जावक’ नावाच्या टेबलात लिहिलं जातं. सोबत तिथंच तयार केलेला यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही नोंदीशी न जुळणारा ओळख क्रमांक. त्यानंतर पावती छापली जाते आणि गाडी पुढं जाते. संदेश पाठवण्याचं काम यानंतरचं. इथं डेटाबेसची निवड महत्त्वाची ठरली. एचटू हा डेटाबेस हाताळायला सोपा आहे, पण तो कमिट (पक्का) झालेला मजकूर मुळात अर्ध्या सेकंदापर्यंत डिस्कवर न लिहिता ठेवू शकतो. केबिनमधली वीज नेमकी त्या अर्ध्या सेकंदात गेली तर पावती शेतकऱ्याच्या हातात आणि नोंद कुठंच नाही. आम्ही एसक्यूलाइट घेतला आणि सिंक्रोनस ही सेटिंग ‘फुल’वर ठेवली, म्हणजे कमिट होतानाच मजकूर डिस्कवर जातो. प्रत्येक वजनाला काही मिलिसेकंद जास्त लागतात. काट्यावर तेवढ्यानं काही बिघडत नाही.

पाठवणारा थ्रेड जावक टेबलातल्या न गेलेल्या नोंदी क्रमानं उचलतो. टिकाऊ (ब्रोकरनं डिस्कवर ठेवायचा) संदेश पाठवताना आर्टेमिसचा क्लायंट, ब्रोकरनं तो डिस्कवर घेतल्याचं कळेपर्यंत पाठवण्याच्या कॉलमध्येच थांबतो. मूळ सेटिंग तशीच आहे, आणि ती योग्य आहे. म्हणजे संदेशवहन असिंक्रोनस असलं तरी पाठवण्याचा कॉल थांबवणारा असतो, आणि थांबण्याची मुदत मुळात ३० सेकंद. तो कॉल बटणाच्या कोडमधून केला तर आपण फिरून पहिल्याच जागी येतो. संदेशांवर जाऊनही पडदा गोठतो म्हणणाऱ्यांचा कोड उघडला की बहुतेक वेळा हेच सापडतं.

प्रत्येक नोंदीच्या तीन अवस्था ठेवल्या. ‘लिहिले’, म्हणजे क्लायंटच्या डिस्कवर आहे. ‘पोहोचले’, म्हणजे ब्रोकरनं घेतलं. ‘नोंदले’, म्हणजे सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये कमिट होऊन उत्तर परत आलं. पडद्यावर अनुक्रमे पिवळी, निळी आणि हिरवी ओळ. पोहोचले आणि नोंदले यांना एकच समजणं ही या प्रकारच्या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे. ब्रोकरनं पोच दिली म्हणजे शेतकऱ्याच्या खात्यावर वजन चढलं असं नाही. काटेवाल्याला हा फरक दहा मिनिटांत समजला, कारण टपालपेटी, पोस्ट ऑफिस आणि पोचपावती हे त्याला आधीपासून माहीत होतं.

सर्व्हरवर संदेश घेतं ते मेसेज-ड्रिव्हन बीन, म्हणजे संदेश आला की चालणारा कोड. ते एकाच व्यवहारात तीन गोष्टी करतं: संदेश क्यूमधून (ब्रोकरकडची संदेशांची रांग) काढतं, डेटाबेसमध्ये वजन लिहितं आणि उत्तराचा संदेश पाठवतं. तिन्ही मिळून कमिट किंवा तिन्ही मिळून रोलबॅक (मागे फिरवणं). त्यासाठी डेटासोर्स (डेटाबेसची जोडणी) एक्सए प्रकारचा, म्हणजे ब्रोकर आणि डेटाबेस मिळून एकच व्यवहार करू देणारा, हवा आणि उत्तर पाठवायला सर्व्हरच्या आतली एक्सए कनेक्शन फॅक्टरी (ब्रोकरची कनेक्शनं बनवून देणारी वस्तू) हवी. पोस्टग्रेसमध्ये यासाठी लागणाऱ्या ‘प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन’ची कमाल संख्या मुळात शून्य असते. ती बदलून पोस्टग्रेस पुन्हा सुरू केला नाही तर पहिल्याच संदेशाला चूक येते. ही चूक निदान मोठ्यानं ओरडते.

क्लायंटनं संदेश पाठवला, ब्रोकरनं घेतला, आणि पोच येता येता लाइन गेली, असं होतंच. क्लायंट तो पुन्हा पाठवतो. म्हणजे एकच वजन दोनदा येणार हे गृहीत धरायचं. टेबलात यूयूआयडीवर युनिक बंधन आहे, म्हणजे तोच क्रमांक दोनदा बसत नाही. पण ‘दुसऱ्यांदा आलं तर चूक पकडून पुढं जाऊ’ हे पोस्टग्रेसमध्ये चालत नाही: बंधन मोडल्यावर तो व्यवहारच निकामी होतो आणि पुढची प्रत्येक क्वेरी नाकारली जाते. म्हणून इन्सर्टलाच ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ (ओळ आधीच असेल तर काही करू नकोस) जोडलं. ही सोय पोस्टग्रेस ९.५ पासून आहे. शून्य ओळी घातल्या गेल्या तरी ‘नोंदले’ हे उत्तर पाठवायचंच, कारण पहिलं उत्तर क्लायंटला मिळालं की नाही हे सर्व्हरला माहीत नसतं.

उत्तर कुठं पाठवायचं यात आमचे चार दिवस गेले. पुस्तकी पद्धत अशी की क्लायंट तात्पुरती क्यू उघडतो, तिचा पत्ता संदेशाच्या ‘उत्तर इकडे’ या रकान्यात घालतो आणि कोरिलेशन आयडीवरून (कोणत्या संदेशाचं उत्तर हे सांगणारा क्रमांक) उत्तर जुळवतो. पहिली अडचण परवानगीची. वापरकर्त्याच्या रोलला बिगर-टिकाऊ क्यू तयार करण्याचा हक्क नसेल तर तात्पुरती क्यू उघडतच नाही. ते लगेच सुटलं. दुसरी अडचण मुळातली. तात्पुरती क्यू कनेक्शनबरोबर मरते. केबिनची वीज गेली, क्लायंट बंद पडला, क्यू नाहीशी झाली. इकडं बीननं वजन लिहिलं आणि उत्तर नसलेल्या क्यूवर पाठवायला गेलं. तिथं चूक आली, व्यवहार रोलबॅक झाला आणि लिहिलेलं वजनही पुसलं गेलं. संदेश पुन्हा आला, पुन्हा तेच. मूळ सेटिंगप्रमाणं १० प्रयत्न, आणि प्रयत्नांमधलं अंतर शून्य. डोळ्याचं पातं लवायच्या आत दहाही प्रयत्न संपून संदेश डेड लेटर क्यूमध्ये, म्हणजे न जमलेल्या संदेशांच्या रांगेत. उत्तर घ्यायला कुणी नाही एवढ्या कारणावरून खरं वजन बाहेर फेकलं जात होतं.

म्हणून प्रत्येक काट्याला आणि प्रत्येक गट ऑफिसला कायमची उत्तर-क्यू दिली. क्लायंट बंद असला तर उत्तरं तिथं थांबतात, सुरू झाल्यावर मिळतात. कोरिलेशन आयडी म्हणून तोच यूयूआयडी. चौकशीसारख्या प्रश्नांना, म्हणजे अमक्या गटातली किती खेप बाकी वगैरे, तात्पुरती क्यू अजूनही वापरतो. तिथं उत्तर हरवलं तरी माणूस पुन्हा विचारतो.

पुन्हा पाठवण्याचं वेळापत्रकही बदललं. पहिला विलंब ५ सेकंद, दर वेळी दुप्पट, कमाल ६० सेकंद, एकूण ३० प्रयत्न. बेरीज केली तर हे सुमारे २६ मिनिटं पुरतं. तेवढ्यात डेटाबेस बंद करून पुन्हा सुरू करता येतो आणि एकही संदेश डेड लेटरमध्ये जात नाही. जो संदेश कितीही वेळा आला तरी जमणार नाही, उदाहरणार्थ शेतकरी कोडच चुकीचा, त्याच्यासाठी चूक फेकायची नाही. वजन ‘अडकलेल्या नोंदी’ या टेबलात ठेवायचं आणि कारणासह उत्तर द्यायचं. पडद्यावर लाल ओळ, आणि शेती विभागाच्या टेबलावर तीच यादी.

क्रमाचा प्रश्न आम्ही आधी चुकीच्या दिशेनं सोडवायला गेलो. बीनच्या एका वेळी १५ प्रती चालतात, त्यामुळं रिकाम्या गाडीचं वजन भरगाडीच्या आधी नोंदलं जाऊ शकतं. आम्ही खेप क्रमांकाला ग्रुप आयडी केलं, म्हणजे एका खेपेचे संदेश एकाच प्रतीकडं क्रमानं जातील. पण भरगाडीच्या संदेशाला विलंबानं पुन्हा पाठवायची वेळ आली की तो बाजूला ठेवला जातो आणि मागचा पुढं निघून जातो. क्रम पुन्हा मोडला. शेवटी ग्रुप काढून टाकला आणि क्रमाची गरजच काढली. दोन्ही वजनं स्वतंत्र ओळी म्हणून येतील तशी लिहायची. दोन्ही हजर झाल्यावर निव्वळ वजन काढायचं. मला वाटतं, संदेशांच्या कामात क्रम पाळण्यावर खर्च करण्यापेक्षा क्रमाशिवाय चालेल अशी टेबलं आखण्यावर वेळ द्यावा.

उत्तर ऐकणारा कोड जेएमएसच्या थ्रेडवर चालतो. तिथून थेट जे-टेबलला (पडद्यावरचा तक्ता) हात लावायचा नाही. इनव्होकलेटरनं काम पडद्याच्या थ्रेडकडं द्यायचं. हे सगळ्यांना पाठ असतं. पण लाइन चार तासांनी आल्यावर शंभरावर उत्तरं एकदम येतात, प्रत्येकाचा वेगळा इनव्होकलेटर, प्रत्येकात टेबल पुन्हा भरणं. पडदा पुन्हा अडखळतो. आता उत्तरं आधी एका रांगेत पडतात आणि स्विंगचा टायमर दर २५० मिलिसेकंदांनी साचलेली सगळी एकदम दाखवतो.

एके काळी निम्म्या ओळी निळ्याच राहायच्या आणि कारण सापडेना. सर्व्हरवर सगळी वजनं नोंदलेली, उत्तरंही गेलेली. कारण निघालं क्लायंटमध्येच. खिडकी बंद केली तरी पाठवणारा थ्रेड आणि जेएमएस कनेक्शन बंद केलेलं नव्हतं आणि जावाची प्रक्रिया जिवंतच राहत होती. काटेवाल्यानं क्लायंट पुन्हा उघडला. आता एकाच उत्तर-क्यूवर दोन ऐकणारे, आणि ब्रोकर त्यांना आळीपाळीनं संदेश देतो. निम्मी उत्तरं न दिसणाऱ्या प्रक्रियेच्या पोटात. उपाय दोन: खिडकी बंद होताना आधी पाठवणारा थ्रेड थांबवायचा, मग कनेक्शन बंद करायचं, आणि सुरू होताना एका फाइलवर लॉक घ्यायचा, तो मिळाला नाही तर ‘क्लायंट आधीच चालू आहे’ सांगून थांबायचं.

कनेक्शन तुटल्यावर पुन्हा जोडण्याचं काम ब्रोकरच्या क्लायंटवर सोपवता येतं. प्रयत्नांची संख्या उणे एक ठेवली की तो थकत नाही. आम्ही ते स्वतःकडं ठेवलं, कारण पडद्यावर ‘लाइन नाही’ हे दाखवायचं होतं. एक्सेप्शन लिसनरमध्ये (कनेक्शन तुटल्याचं ज्याला कळवलं जातं तो कोड) फक्त खूण करायची, जोडणी तिथं करायची नाही. जोडणी पाठवणाऱ्या थ्रेडवर: २ सेकंदांनी, मग ४, ८, असं ६० पर्यंत, आणि प्रत्येक थांब्यात थोडी यादृच्छिक भर. ती भर नसेल तर वीज परतल्यावर सगळी गट ऑफिसं एकाच क्षणी सर्व्हरवर येऊन पडतात.

जोडणीतली एक अडचण नवख्याला फार वेळ खाते. सर्व्हर ०.०.०.० वर, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर, ऐकत असेल तर कनेक्शन फॅक्टरीमधून क्लायंटला कुठला पत्ता द्यायचा हे ब्रोकरला कळत नाही. तो स्वतःच्या मशीनचं नाव देतो आणि सुरू होताना लॉगमध्ये तसा इशाराही लिहितो. मुख्य इमारतीत ते नाव सापडतं, गट ऑफिसात सापडत नाही. फॅक्टरी मिळते, आणि पुढच्याच ओळीत जोडणी फसते. कनेक्टरमध्ये (क्लायंटला पत्ता सांगणारी ब्रोकरची सेटिंग) बाहेरून पोहोचणारा पत्ता स्वतः लिहायचा. आणि चाचणी मुख्य इमारतीत बसून करायची नाही.

घड्याळाचं प्रकरण साखर कारखान्याचं खास. हंगाम संपला की केबिनमधला पीसी पावसाळाभर बंद असतो. मदरबोर्डवरची, घड्याळ चालू ठेवणारी सीआर-२०३२ बॅटरी जुनी झाली असेल तर तेवढ्यात मरते आणि मोळी टाकायच्या (गाळप सुरू करायच्या) दिवशी पीसी काही वर्षं मागं उठतो. संदेशाची मुदत क्लायंट स्वतःच्या घड्याळावरून ठरवतो, पण मुदत संपली का हे ब्रोकर त्याच्या घड्याळावर पाहतो. मग २ मिनिटांची मुदत दिलेली चौकशी ब्रोकरकडं पोहोचताच कालबाह्य ठरते. क्लायंटला चूक मिळत नाही, उत्तरही मिळत नाही. वजनाच्या संदेशांना आम्ही मुदतच ठेवलेली नाही, त्यामुळं ते हरवत नाहीत, पण पावतीवरची वेळ चुकते आणि ते त्याहून वाईट. म्हणून सुरू होताना क्लायंट सर्व्हरची वेळ विचारतो. ६० सेकंदांपेक्षा जास्त फरक असेल तर वजन घेऊ देत नाही. लाइन नसेल तर जावक टेबलातल्या शेवटच्या वजनाची वेळ पाहतो. पीसीचं घड्याळ त्याच्याही मागं असेल तर थांबतो.

याद्यांमधले बदल सर्व्हरकडून टॉपिकवर (एकच संदेश सगळ्या वर्गणीदारांना देणारा मार्ग) येतात आणि प्रत्येक क्लायंटची त्यावर टिकाऊ वर्गणी आहे. प्रत्येकाचा क्लायंट आयडी वेगळा हवा, नाहीतर दुसरा जोडू पाहणारा नाकारला जातो. टिकाऊ वर्गणीचा अर्थ असा की क्लायंट बंद असला तरी ब्रोकर त्याच्यासाठी संदेश राखून ठेवतो, मग तो सहा महिने बंद असला तरीही. शेती विभाग पावसाळ्यातही लागणीच्या नोंदी बदलत असतो, आणि ते सगळे बदल बंद केबिनच्या नावानं डिस्कवर साठत जातात. हंगाम संपल्यावर वर्गणी रद्द करायची आणि सुरू होताना पूर्ण यादी एकदा ओढून मग वर्गणी पुन्हा घ्यायची, असं ठरवलं. बदलांना ओळीनं क्रमांक आहेत, त्यामुळं मधला एक चुकला तर पुढचा येताच क्लायंटला ते कळतं.

संदेशाचा मजकूर जेसन (नाव-किंमत अशा जोड्यांचा साधा मजकूर), साध्या टेक्स्ट मेसेजमध्ये, आणि बाहेर आवृत्ती क्रमांक. ऑब्जेक्ट मेसेज (जावाची वस्तू जशीच्या तशी पाठवणं) सोपा वाटतो, पण वर्गाचा सिरियल व्हर्जन यूआयडी स्वतः लिहून ठेवला नसेल, तर त्यात एक रकाना वाढवला की जुना क्लायंट तो उघडू शकत नाही, आणि सगळ्या गट ऑफिसांत एकाच दिवशी नवा क्लायंट बसवणं हंगामात होत नाही.

चाचणी करताना पीसीची नेटवर्क केबल काढली तर फारसं काही कळत नाही, कारण विंडोज ते लगेच ओळखतं आणि चूक ताबडतोब येते. स्विचच्या पलीकडची, सर्व्हरकडं जाणारी केबल काढा. मग दोन्ही बाजूंना कनेक्शन जिवंत दिसतं आणि मूळ सेटिंगप्रमाणं क्लायंटला ३० सेकंदांच्या आसपास, ब्रोकरला ६० सेकंदांनी कळतं. आम्ही ती केबल काढून ४० वजनं घेतली, मध्येच टास्क मॅनेजरमधून क्लायंट मारला, पुन्हा उघडून आणखी १० घेतली, मग केबल लावली. पन्नासही ओळी हिरव्या झाल्या की सर्व्हरच्या टेबलात बरोबर पन्नासच ओळी आहेत ना, ते मोजायचं. हाच प्रयोग सर्व्हर बंद करून, आणि तिसऱ्यांदा फक्त पोस्टग्रेस बंद करून. दर वर्षी मोळी पूजनाच्या आदल्या आठवड्यात हे तिन्ही प्रयोग करतो, आणि त्याच दिवशी बॅटरीही बदलतो.